फडकं पांढरं निघेपर्यंत

गाडीच्या दारात आवाज दाबणारी शीट लावायची म्हणजे निम्म्याहून जास्त काम पुसण्याचं असतं, हे गिऱ्हाइकाला सांगून पटत नाही. त्याला वाटतं, मी शीट कापतो आणि चिकटवतो. चिकटवायला अर्धा तास पुरतो. त्याआधी दाराचं आतलं पॅनल काढायचं, त्यामागचा प्लास्टिकचा पडदा सोडवायचा, जुना काळा डिंक खरवडायचा, गंज घासायचा आणि मग आतला पत्रा स्पिरिटनं पुसायचा. पुसत राहायचा. पांढरं फडकं फिरवलं तर ते पांढरंच निघालं पाहिजे. त्याआधीच शीट मारून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. त्यांचं काम म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. दोन उन्हाळ्यांत शीट सुटून दाराच्या पोटात लोंबायला लागते. मी ज्या वस्तादाकडे शिकलो तो माझं फडकं तपासायचा, आणि डाग दिसला की ते माझ्या तोंडावर फेकायचा. काम आणि राग दोन्ही मी त्याच्याकडूनच उचलले.

त्या रविवारी मात्र गाडी यायच्या आधीपासूनच मी चिडलेला होतो.

गाडी माझ्या धाकट्या बहिणीची, जुनी घेतलेली. महिनाभर धाकटी सांगत होती की मागच्या उजव्या दारात आवाज येतो. गाडी चालू असताना येतो, उभी असताना येतो, इंजीन बंद केल्यावर तर जास्तच. पत्रा वाजतो तसा नाही. आतून कुणीतरी तळवा घासत असल्यासारखा. तिची छकुली, पाच वर्षांची, नेमकी त्याच दाराशी बसायची. म्हणून धाकटीनं तिला गाडीत बसवणंच सोडलं आणि रोज पाऊण तास चालवत शाळेत न्यायला लागली. तेव्हा मेहुण्यांनी निकाल दिला. आवाज त्यांना ऐकू येत नव्हता, म्हणजे आवाज नव्हताच. तरी रविवारी दादाकडून दारं करून घेऊ. त्यानंतरही हिला ऐकू आलं तर छकुली त्यांच्या आईकडे जाईल, दुसऱ्या गावी, हिचं डोकं ठिकाणावर येईपर्यंत. आणि ते ठिकाणावर आलं की नाही, हे ठरवणारेही तेच.

मेहुण्यांचा राग होताच. त्याहून जास्त माझा मला होता. कारण महिन्याभरापूर्वी सगळ्यांच्या देखत पहिल्यांदा मीच म्हणालो होतो, "अगं, काही नाही, तुझ्या मनाचे खेळ आहेत." मेहुण्यांनी ते वाक्य उचललं आणि जपून ठेवलं.

सकाळी ते एकटेच गाडी घेऊन आले. मायलेकी संध्याकाळी येणार होत्या. मेहुणे वर्कशॉपच्या शटरपाशी खुर्ची टाकून पाय पसरून बसले.

"दादा, त्या एका दाराचं बघा म्हणजे झालं. तिची समजूत पटल्याशी मतलब."

"करीन तर चारही दारं करीन."

"तुमचं काम, तुम्ही जाणा," असं म्हणून ते फोनमध्ये शिरले. मधूनच मान वर करून स्क्रू कुठे ठेवा, उजेड कुठून घ्या, असं उंटावरून शेळ्या हाकणं चालू होतं. मी दात आवळून तीन दारं संपवली. तिन्ही दारांत धूळ, गंज, एक सुकलेलं पान, एवढंच निघालं. मागचं उजवं दार मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. भीतीमुळे नाही. ते सगळ्यात चांगलं व्हायला हवं होतं.

पॅनल काढलं, पडदा सोडवला, टॉर्च आत धरली. दाराच्या आतल्या चौकटीला मोठाली भोकं असतात, त्यांतून हात घालून बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू पुसायची असते. त्या पत्र्यावर धुळीचा सरसकट थर होता आणि थरात एक पंजा उमटला होता. बोटं फाकलेली.

असे पंजे मी शेकड्यांनी पाहिलेत. कारखान्यात कुणीतरी हात टेकवलेला असतो. पण हा उलटा होता. बोटं खाली, मनगट वर काचेकडे. म्हणजे हात वरून, काच जिथून खाली उतरते त्या फटीतून आलेला. त्या फटीतून फार तर कागद जाईल. मी माझा हात त्यावर उलटा धरून पाहिला. धाकटी माझ्या हाताला फावडं म्हणते. ते फावडं त्या पंजात सगळीकडून एकेका पेरानं कमी पडलं.

मी फडकं भिजवलं आणि पत्रा पुसला. स्पिरिट उडालं, पत्रा कोरडा झाला. पुन्हा टॉर्च धरली तर पंजा तिथेच होता. आता धूळ नव्हती, तेलकट ओला डाग होता. आणि तो बरोबर माझ्या हाताएवढा होता. पहिला विचार हाच आला की माझाच असणार. मग हातांकडे पाहिलं. मी सकाळपासून रबरी हातमोजे घातलेले होते.

"मेहुणे, जरा इकडे या."

ते आले, वाकले, आत पाहिलं. त्यांना तो दिसला. मला खात्री आहे, कारण चौकटीवर टेकलेला हात त्यांनी हळूच उचलला आणि पाठीमागे नेला.

"आधीच्या मेकॅनिकचा असेल."

"मी आत्ता पुसलाय."

"मग नीट पुसला नसेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षांत हे वाक्य मला वस्तादाखेरीज कुणी ऐकवलं नव्हतं. मी उठून उभा राहिलो. ते एक पाऊल मागे सरकले, पण आवाज मात्र त्यांनी आणखी खाली आणला.

"दादा, यातलं तिला काही सांगायचं नाही. तुम्हीही तिच्यासारखं बोलायला लागलात, तर मी छकुलीला आजच आईकडे सोडतो. बॅग भरलेली आहे."

खरं म्हणजे तेव्हाच फडकं खाली टाकायला हवं होतं. धाकटीला फोन करून बोलवायचं, दार उघडं दाखवायचं, तुझं खरं होतं म्हणायचं. एवढं एक वाक्य मी तिला देणं लागत होतो. पण छकुली गेली असती. बॅग भरलेली आहे, हे तो माणूस किती साधेपणानं बोलला होता. मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटत होती आणि देता येत नव्हती. मग तो सगळा राग मी त्या पत्र्यावर काढला. नवीन फडकं घेतलं आणि खांद्यापर्यंत हात आत घालून घासायला लागलो.

डाग गेला. फडकं काळं निघालं. पत्रा वाळला, डाग आला. आता तो अरुंद होता, लांबट बोटांचा. धाकटीच्या हाताएवढा.

पुन्हा पुसायला लागलो. दम लागला म्हणून थांबलो.

घासण्याचा आवाज थांबला नाही.

माझा हात स्थिर होता, फडकं मुठीत होतं, आणि पत्र्यावर तळवा फिरत होता. घाईघाईनं, अंधारात कडी सापडत नसताना माणूस चाचपतो तसा. मेहुणे खुर्चीत होते. त्यांनी मान वर केली नाही. फक्त फोनचा आवाज वाढवला.

मी तिसरं फडकं घेतलं.

पुढचा पंजा लहान होता. चहाच्या बशीत मावेल एवढा. त्यावर माझी तीन बोटं ठेवली की तो झाकून जात होता. तो कुणाच्या वयाचा हात आहे, हे मला दिसत होतं. मी काही आंधळा नव्हतो. मी चिडलेला होतो.

तोही पुसला. जोर लावून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत.

फडकं पांढरं निघालं.

मी वाट पाहिली. डाग आला नाही. आवाज आला नाही. पत्रा आरशासारखा लखलखत होता. वस्ताद असता तर त्यालाही फेकायला काही मिळालं नसतं.

मग शीट कापली, गरम केली, रोलरनं दाबून बसवली. पाणी निथळायची भोकं मोकळी ठेवली. बाहेरून बोटानं टिचकी मारली तर दार भरल्या पोत्यासारखं बोललं. पॅनल बसवलं, बारा स्क्रू आवळले.

संध्याकाळी धाकटी आली. छकुलीला माझ्याजवळ उभं केलं आणि स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसली. दार लावून घेतलं, डोळे मिटले. मेहुणे बाहेर उभे राहून काचेतून तिच्याकडे बघत होते. खोटं बोलायचं तिला कधीच जमलं नाही. आवाज आला असता तर तिनं तसंच सांगितलं असतं. दहा मिनिटांनी ती बाहेर आली.

"नाही येत," ती म्हणाली. "अगदी शांत आहे." आणि माझ्या तेलकट शर्टावर डोकं टेकून रडली.

"म्हणत नव्हतो मी?" मेहुणे म्हणाले.

छकुली तोवर आपल्या जागेवर जाऊन बसली होती. तिनं दारावर हात ठेवला आणि मला टाटा केला तो दुसऱ्या हातानं.

गुरुवारी दुपारी धाकटीचा फोन आला. आवाजात कित्येक दिवसांनी हसू होतं.

"दादा, तुझ्या कामातलं ते काळं चिकट असतं ना, ते अंगाला लागलं तर कशानं काढतोस रे?"

"कुठे लागलं?"

"छकुलीच्या उजव्या तळव्याला. रोज गाडीतून उतरली की तळवा काळा. पॅनलच्या फटीतून येत असेल."

येत नसतं. ते शीटच्या मागे असतं, पत्र्याला चिकटलेलं, बारा स्क्रूंच्या पलीकडे.

"तू काय केलंस?"

"साबणानं निघेना. मग स्पिरिटनं पुसलं, लगेच निघालं. दुसऱ्या दिवशी परत. आता रोजच पुसते. तुझ्यासारखी, फडकं पांढरं निघेपर्यंत."

"पुसू नकोस," मी म्हणालो. माझा आवाज चढला. "आजपासून हात लावू नकोस त्याला. ऐकतेस ना?"

"ओरडतोस कशाला? तशीच ठेवली तर हे म्हणतील, पोरीकडे लक्ष नाही हिचं. आणि बॅग अजून कोपऱ्यातच आहे." माझ्या ओरडण्याची तिला लहानपणापासून सवय आहे, म्हणून तिनं विषय बदलला. "ते राहू दे. चामड्याला भोक पाडायचा तुझा पंच आहे ना? तिच्या घड्याळाच्या पट्ट्याला आणखी एक भोक पाडून दे. शेवटच्या भोकात अडकवलं तरी हातातून निसटून पडतंय. सोमवारी तर बरोबर बसत होतं."