धरलंय

दिवा राहू दे तसाच, मोठा नको लावू. आणि ते मागचं दार लोटून घे, गार वारा येतोय. हं. आता ऐकायचं तर गप्प बसून ऐका. मध्येच 'मामा, पुढे काय' करायचं नाही. पुढचं पुढेच येतं.

ही गोष्ट माझी नाही. मी निवृत्त झालो तेव्हा ऑफिसात माझ्या टेबलावर जो बसला, त्याची आहे. आम्ही त्याला पत्रकराव म्हणायचो. कुठलीही वस्तू आणली की हा आधी तिच्याबरोबर आलेलं माहितीपत्रक वाचणार, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. ऑफिसात नवा पंखा आला, आम्ही सगळे घामाने भिजलेलो, आणि हा खुर्चीत बसून पंख्याचं पत्रक वाचतोय. असा माणूस थापा मारत नाही. थापा मारायला डोक्यात थोडी कल्पना लागते, ती याच्याकडे औषधालाही नव्हती. म्हणून मी हे खरं मानतो. तुम्ही तुमचं ठरवा.

गेल्या डिसेंबरची नऊ तारीख, मंगळवार. संध्याकाळी साडेसातला तो औषध आणायला गेला. त्याची मुलगी सात वर्षांची, एकुलती एक, तिला दमा आहे. तोंडात फवारा मारायचा तो पंप संपत आला होता. दुकानदार म्हणाला, "आज शिल्लक नाही साहेब, उद्या अकराला या." पत्रकरावाने सकाळीच पंप हलवून बघितला होता. त्याच्या अंदाजाने दहा-बारा फवारे होते. एका रात्रीला पुष्कळ झाले, म्हणून तो परत आला.

त्याचं घर गावाच्या कडेला, नव्या बंगल्यांच्या ओळीत. दहा बंगले, त्यातल्या तीनच बंगल्यांत माणसं. उजवीकडचा कुलूपबंद, डावीकडच्याला अजून छपरच नाही. घराला लागून गॅरेज. त्याने नेहमीसारखी गाडी उलटी आत घेतली, तोंड रस्त्याकडे करून. तसंही कुठल्यातरी पत्रकात वाचलेलं असणार. रिमोट दाबला, दार खाली आलं.

आता हे दार कसं ते नीट समजून घ्या. लोखंडी, चार आडव्या फळ्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या. दोन्ही बाजूंच्या रुळांत चाकं. वर गेलं की छताखाली आडवं होतं. वजन ऐंशी-पंच्याऐंशी किलो. पण ते ओझं मोटार उचलत नाही. दारावर भिंतीला मनगटाएवढी जाड स्प्रिंग असते, पीळ भरलेली, खरं ओझं ती उचलते. मोटार नुसता हात लावते, लग्नातल्या व्याह्यासारखा.

रात्री अकराला गॅरेजमधून मोठा आवाज आला. डबा पडावा तसा, पण मोठा. तो उठून बघून आला. गाडी जागेवर, दार बंद, खाली काही पडलेलं नाही. तो झोपला. वर बघायचं मात्र राहून गेलं.

दोन वाजून वीस मिनिटांनी बायकोने त्याला हलवलं.

मुलगी पलंगावर उठून बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, प्रत्येक श्वासाला खांदे वर येत होते, आणि घशातून बारीक शीळ. बायकोने पंप दिला. एक फवारा, दोन, तीन… चौथ्याला नुसती हवा आली. अंदाज चुकला होता. त्याने अँब्युलन्सला फोन केला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलीय. पाऊण तास धरून चला." दवाखाना अकरा किलोमीटरवर.

"आपली गाडी काढ," बायको म्हणाली.

त्याने गॅरेजमध्ये येऊन रिमोट दाबला. मोटार कण्हली. दार चार बोटं उचललं आणि थांबलं. पुन्हा दाबला, तेच. मग त्याने वर पाहिलं. स्प्रिंगचे दोन तुकडे झालेले, मधे वीतभर फट.

दारावर मेकॅनिकचा नंबर चिकटवलेला होता. सहाव्या रिंगला त्याने उचलला. झोपेतला माणूस, पण सगळं ऐकून घेतल्यावर एकदम जागा झाला.

"साहेब, मला यायला दीड तास लागेल. तोवर थांबता येत नसेल तर मी सांगतो तेवढंच करा. स्प्रिंगला हात लावायचा नाही. तिथले बोल्ट सैल करायचे नाहीत, हात तुटून पडेल. दार आता पूर्ण खाली आहे?"

"मी बसवलं परत खाली."

"छान. मग मोटारीपासून लोंबणारी ती लाल दोरी ओढा, मोटार सुटेल. दार वर असताना ती कधी ओढायची नाही, लक्षात ठेवा. आता खालच्या कडेला धरून दोघांनी उचलायचं. फळ्यांच्या सांध्यात बोट घालायचं नाही. क्लॅम्प आहे घरात?"

"सुतारकामाचा आहे."

"दार वर गेलं की चाकाच्या बरोब्बर खाली रुळावर तो आवळायचा. आणि साहेब, आमच्यात एक रीत आहे. एक जण उचलतो, दुसरा क्लॅम्प लावतो आणि मोठ्याने म्हणतो, 'धरलंय'. तो शब्द कानावर पडल्याशिवाय पहिल्याने हात काढायचा नाही. दाराखालून कोणी जायचंही नाही. आणि ज्याने धरलंय त्याने 'सोड' ऐकल्याशिवाय सोडायचं नाही. माणसं याच एका शब्दावर जगतात आमच्यात."

बायकोने मुलीला उचलून गाडीत मागच्या सीटवर ताठ बसवलं. क्लॅम्प घेऊन ती रुळापाशी आली. "मी पण उचलते," ती म्हणाली. "नको," हा म्हणाला, "तू क्लॅम्प सांभाळ." त्याने कडेखाली हात घातले आणि उचललं.

तो कधी गव्हाचं पोतं सुद्धा पाठीवर घेऊन चाललेला नाही. फायली उचलणारा माणूस. पण उचललं त्याने. गुडघ्यापर्यंत. कमरेपर्यंत. दात आवळून छातीपर्यंत आणि मग खांद्याच्या वर, गाडी जेमतेम निघेल इतकं. "लाव," तो म्हणाला. बायकोने क्लॅम्प रुळाला टेकवला…

आणि गाडीतली शीळ थांबली.

बायकोच्या हातून क्लॅम्प पडला. ती गाडीकडे धावली. आतून तिचा आवाज येत होता, "बाळा… बाळा, श्वास घे… घे ना गं…"

क्लॅम्प जमिनीवर, त्याच्यापासून दोन हातांवर. आणि याचे दोन्ही हात दारात.

सोडावं तर दार खाली, आणि पुन्हा उचलायची ताकद नाही हे त्याला कळलं होतं. नाही सोडावं तर गाडी चालवणार कोण? त्याने पायाने क्लॅम्प ओढायचा प्रयत्न केला. पोचला नाही. मला सांगताना तो म्हणाला, "मी रडत होतो हो. मोठ्याने रडत होतो." दार एक बोट उतरलं. मग आणखी एक.

"कोणीतरी धरा हो," तो म्हणाला. कुणाला म्हणाला, त्यालाही ठाऊक नाही. "माझी पोरगी जाईल… कोणीतरी धरा…"

आणि हातांतलं ओझं गेलं.

कमी झालं नाही. गेलं. तळव्यावर नुसता थंड लोखंडाचा स्पर्श राहिला.

बाहेरून, दाराच्या डावीकडच्या खांबापासून, दबका आवाज आला.

"धरलंय."

"कोण?"

मग पुन्हा, डोक्यावर ओझं असलेला माणूस बोलतो तसं, तुटक…

"धरलंय."

पुरुषाचा की बाईचा, त्याला सांगता येत नाही. त्याने एकेक बोट काढलं. दार हललं नाही. तो गाडीत बसला, किल्ली फिरवली, दिवे लावले.

प्रकाश फाटकापर्यंत गेला. फाटक उघडंच होतं. कोरडी मोकळी वाट, दाराचे दोन्ही खांब.

तिथे… कोणी नव्हतं.

(काय गं? नाही, मी मुद्दाम थांबलो नाही. मलाही हे सांगताना थांबावंच लागतं.)

तो स्टिअरिंग धरून बसला. समोर अधांतरी दार. मागे बायको म्हणाली, "चल ना." मग अगदी हळू, "चल ना रे…" मुलीचा आवाज नव्हता. त्याने विचार केला, मी शब्द ऐकलाय. दोनदा ऐकलाय. त्याने क्लच सोडला.

बॉनेट गेलं. पुढची काच गेली. गाडीचं छप्पर दाराखाली आलं. बरोब्बर तेव्हा डावीकडून, खिडकीच्या वर… श्वास. कुंथल्यासारखा. लांब.

मागची काच बाहेर आली.

त्याने काच खाली केली. अशा वेळीही माणसाची सवय जात नाही. "आलोच हं मी," तो म्हणाला.

आणि फाटकातून बाहेर पडला.

दवाखान्यात पोचला तेव्हा तीनला दोन मिनिटं कमी. डॉक्टरने मुलीला हातांतून जवळजवळ हिसकावूनच घेतलं. नळी, ऑक्सिजन, सुया. नंतर डॉक्टर म्हणाला, "आणखी दहा मिनिटं झाली असती तर…" पाचच्या सुमाराला तिचा श्वास मार्गी लागला. ती झोपली. बायको तिचा हात धरून खुर्चीवर बसली, आणि हा कॉरिडॉरमध्ये जाऊन भिंतीला टेकून खाली बसला. तिथून त्याने मेकॅनिकला फोन केला. दार उघडंच राहिलंय, सकाळी या, म्हणाला.

तीननंतर दाट धुकं उतरलं होतं. आठला तो घरी आला तेव्हाही थेंब थेंब पडत होतं. त्याने गाडी रस्त्यावरच ठेवली. मेकॅनिक फाटकाबाहेर उभा होता, आत गेला नव्हता.

"साहेब," तो म्हणाला, "हे दार कशावर उभं आहे?"

"क्लॅम्पवर असेल."

"मला इथून दिसतंय. रुळावर काही नाही."

ते बाजूच्या छोट्या फाटकातून पुढच्या दाराने घरात शिरले, स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये आले. क्लॅम्प पडला होता तिथेच पडलेला. स्प्रिंग तुटलेली. दार ओढणाऱ्या दोन्ही तारा सैल लोंबत होत्या. मोटार सुटलेली. आणि दार रात्री होतं तिथेच. मेकॅनिकने दोन्ही रुळांवर स्वतःचे क्लॅम्प आवळले, दोन लाकडी खुंट खाली उभे केले, सगळं दोनदा हलवून पाहिलं. बावीस वर्षं तेच काम. झाल्यावर तोंडातून जे निघतं ते निघालं.

"सोड."

दार धाडकन दोन बोटं खाली येऊन क्लॅम्पवर बसलं.

मेकॅनिकने हात मागे घेतले. "मी… तुम्हाला नाही म्हणालो," तो म्हणाला. "सवयीने म्हणालो."

पत्रकराव मला म्हणाला, "मामा, हवं तर हसा मला, पण ऐका. रात्री मी 'आलोच' म्हणून गेलो, 'सोड' म्हणायचं राहिलंच. पाच तास झाले. मला भीती वाटली नाही. मला लाज वाटली."

मग दोघांनी उघड्या दारातून बाहेर पाहिलं. गॅरेजपासून फाटकापर्यंतची सगळी वाट धुक्याने भिजून काळी झालेली. त्या वाटेवरून सकाळपासून कोणी चाललं नव्हतं. डाव्या खांबापाशी, दाराच्या कडेच्या बरोब्बर खाली, दोन जागा पांढऱ्या… कोरड्या.

अनवाणी पावलं. शेजारी शेजारी. बोटं रस्त्याकडे.

तिथून निघून गेल्याची खूण कुठेच नव्हती.