राजाच्या पायाचा दोरा

धसईच्या देवीपुढे दर पौषात होणारे पद्यनाटक १९४६ साली भरदुपारी करावे लागले. रॉकेलवर नियंत्रण आले होते आणि दोन गॅसबत्त्या पुरतील इतके तेल अख्ख्या गावात मिळून निघेना. सभामंडपाला लागून फळ्यांचा रंगमंच उभारण्याचे काम नेहमीप्रमाणे भास्करराव गुप्त्यांकडे आले. ते रस्तेखात्यातले निवृत्त ओव्हरसियर, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले. मुरबाडपासून इकडच्या रस्त्यावरची एकही मोरी अशी नव्हती, जी त्यांच्या मोजपट्टीखालून गेली नाही. फळ्या त्यांनी स्वतः ठोकल्या. एक फळी मात्र दुसऱ्याकडून ठोकून घेतली. तिला बोट जाईल एवढे भोक होते आणि ते सोळा वर्षांपूर्वी त्यांनीच पाडले होते.

तेव्हा राजाचे काम चांगो करीत असे. डोंगराच्या पायथ्याच्या ठाकूरवाडीतला माणूस. अक्षराशी गाठ नाही, पण राजाची पाचही पदे तोंडपाठ. तो गाऊ लागला की बाजारातून परतणाऱ्या गाड्या आपोआप थांबत. अडचण एकच होती : कोणते पद कुठे म्हणायचे, हे त्याच्या ध्यानात राहत नसे. आडून सांगावे तर पहिल्या रांगेला ऐकू जाई. भास्कररावांनी त्यावर तोड काढली. राजाच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला काळा दोरा बांधायचा. तो फळीच्या भोकातून खाली आणि तिथून विंगेत, भास्कररावांच्या तर्जनीला. जितके झटके, तितवे पद. एक लांब ओढ म्हणजे थांब. चांगोने हे एका दुपारी शिकून घेतले, आणि पुढे सहा वर्षे एकही चूक झाली नाही.

सातव्या वर्षी भास्कररावांचे वरिष्ठ साहेब नाटकाला आले. बढतीचा कागद त्यांच्याच टेबलावर होता. राजपुत्राच्या चितेचा प्रवेश सुरू झाला. इथे चौथे पद, विलापाचे. भास्करराव पडद्याच्या फटीतून साहेबांचा चेहरा न्याहाळत होते, आणि तेवढ्यात बोटाने एक झटका जास्त दिला. चांगोने क्षणभर खाली पाहिले. मग मुलाच्या प्रेताभोवती फेर धरून तो गाऊ लागला :

गुढ्या उभारा, तोरण बांधा, कुमर घरा हा आला!

मंडप हसून लोळला. लांब ओढ देऊन त्याला थांबवता आले असते. पण मग चूक कोणाची ते साऱ्या नटांना कळले असते. भास्कररावांनी बोट हलवले नाही. चांगोने पद शेवटपर्यंत म्हटले. नंतर साहेबांनी डोळे पुसत विचारले, तेव्हा भास्करराव म्हणाले, “रानातला माणूस आहे साहेब. मोजता येत नाही.”

चांगो तिथेच बांबूला टेकून अंगठ्याचा दोरा सोडत होता. तो हळूच म्हणाला, “आमचीच चूक. दोरा बरोबर व्हता.”

बढती मिळाली. धसईच्या बाजारात पोरे चांगोला पाहून ‘गुढ्या उभारा’ ओरडू लागली. त्याने पुन्हा तोंडाला रंग लावला नाही. तिसऱ्या श्रावणात तो तापाने गेला.

यंदा राजा होते जयराम मास्तर. वाचणारा माणूस, त्यामुळे दोऱ्याची गरजच नव्हती. तालमीत मात्र चितेच्या प्रवेशाला मास्तर दर वेळी उजवा पाय झटकत. राणी झालेला मंगळू म्हणाला, “मास्तर, मुंग्या आल्या का माझं रूप बघून पाय लटपटतो?” सगळे हसले. भास्कररावांनी फळी उचकटून खाली पाहिले. माती होती, कोरडी. मग त्यांनी सामानाची पेटी उघडली. जुने रीळ तळाशी होते. दोरा त्यांनी स्वतः गुंडाळून ठेवला होता, अठरा हात. आता तो सुटलेला होता, आणि टोकाच्या फासाला चांगो मारायचा तशी, गवताच्या भाऱ्याची गाठ होती. भास्कररावांना ती गाठ कधीच येत नव्हती. त्यांनी पेटी बंद केली, कुलूप लावले आणि किल्ली जानव्याला बांधली.

नाटकाच्या दुपारी मंडप भरला. पुढच्या कोपऱ्यात चांगोची बायको जिवली बसली होती. दहा वर्षांत ती प्रथमच आली होती.

चितेचा प्रवेश आला. मास्तर पुढे झाले, हात उचलला, आणि थांबले.

भास्कररावांनी वहीतला चरण सांगितला. मग मोठ्याने सांगितला. पहिल्या रांगेने माना वळवल्या. दोन हातांवरच्या मास्तरांना ते ऐकू गेले नाही. ते आपल्या उजव्या अंगठ्याकडे पाहत होते. वाट पाहत होते.

कोणी हसले नाही.

भास्कररावांनी वही खाली ठेवली. तर्जनी वाकवली.

एक. दोन. तीन. चार.

बोटाला काहीही बांधलेले नव्हते. तरी प्रत्येक वेळी पलीकडून वजन लागले.

मास्तर गाऊ लागले. ‘उघड बाळा, नयन एकदा, तात उभा तुजपाशी.’ बाया पदर तोंडाला लावून रडल्या. बाहेरच्या रस्त्यावर गाड्या थांबल्या होत्या.

खेळ संपल्यावर जिवली विंगेपाशी आली. मंडपात उन्हाचे पट्टे अजून होते. तिने भास्कररावांना लांबूनच हात जोडले.

“साहेब, एक इचारायचं व्हतं. मालक जाताना बोटं मोजीत व्हते. चार का पाच, चार का पाच. दोरा बरोबर व्हता म्हनत, पन डोळं मिटंनात. तुमच्या हातात दोरा व्हता. त्या दिसी किती झटकं दिलं तुमी?”

दहा वर्षे ते हाच प्रश्न कोणीतरी विचारील म्हणून वाट पाहत होते. उत्तर तयार होते. जिभेवर आले होते. पाठीमागे मास्तर आणि मंगळू रंग पुसत उभे होते.

“चार,” भास्करराव म्हणाले.

जिवलीने मान हलवली. “मंग त्यांचीच चूक.”

ती जायला वळली, तोच त्यांची तर्जनी खाली ओढली गेली. एकदा. मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. सावकाश, नीट मोजून.

जिवली थांबली. ती त्यांच्या बोटाकडे पाहत होती.

बोट पुन्हा एकदा खाली गेले.