खिंडीतली हवा

आई खोकून खोकून गेली, आणि डोंगरापलीकडचे शिसं गाळणारे भट्टीवाले म्हणत राहिले की आमचा धूर खिंड ओलांडतच नाही. तो ओलांडतो हे सिद्ध करायला आम्ही तिघं बर्फातून खिंडीतल्या दगडी खोलीपर्यंत चढलो: मी, माझा दादा आणि एक वाटाड्या. वारा वर्षातून मोजकेच दिवस आमच्या गावाकडे फिरतो. तो फिरेल तेव्हा आमचं यंत्र तिथं चालू असायला हवं होतं.

यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. बाहेरची हवा नळीतून ओढायची, तिच्यातले वायू आणि बारीक कण वजनावरून वेगळे करायचे आणि कोण कोण आलंय ते पडद्यावर दाखवायचं. भट्टीचा धूर असला तर त्यात शिसं आणि गंधक असणारच. मात्र यंत्राच्या पोटातली हवा उपसायला पंप अखंड चालावा लागतो. तो दादाचा प्रांत. गळत्या शोधण्यात त्याचा जन्म गेलेला! घराचं छप्पर गळतंय म्हणून वहिनी सांगून थकली, पण यंत्रात केसाएवढी फट त्याला खपत नसे.

चढताना एक बॅटरी दरीत गेली. उरलेल्या एकीवर पंप चालणार किंवा वायरलेस; दोन्ही नाही. आम्ही पंप जोडला. मग वादळ आलं. वारा भिंतीच्या फटींतून शिट्ट्या घालू लागला, तेव्हा दादानं यंत्रासाठी आणलेली चिकटपट्टी काढली आणि खोलीतली एकूण एक फट बुजवली, दारासकट.

"आता येऊन दाखव म्हणावं," तो म्हणाला. स्टोव्ह पेटलेला होता, हातापायांत ऊब आली, आणि मी त्याला शाबासकीही दिली.

दुपारी वाटाड्याचं डोकं दुखू लागलं. उंचीवर होतंच असं, म्हणून तो भिंतीला टेकला. दादाही पेंगुळला. "पंपाकडे बघ, चिमणे. बंद पडला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून."

आणि पडद्यावर रेघ उठली! कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळणातून निघणारा विषारी वायू! त्याचं आणि नायट्रोजनचं वजन जवळजवळ सारखं. साधं यंत्र तिथं फसतं, आमचं फसत नाही. रेघ चढतच होती. आला धूर! मला रडूच फुटलं.

मग शिसं शोधलं. नव्हतं. गंधक? तेही नाही. मग हा कसला भट्टीचा धूर? मी वाकून सुस्कारा सोडला, तशी कार्बन डायऑक्साइडची रेघ टुणकन उडाली. मी नळी चाचपत मागे गेले. बाकाखाली नळीचा सांधा निसटला होता. यंत्र बाहेरची नव्हे, खोलीतली हवा मोजत होतं. धूर आमच्याच स्टोव्हचा होता.

"दादा, ऊठ!" तो उठला नाही. मी दाराकडे धावले. भिंत धरत धरत पोचले. पट्टी नखांनी ओरबाडली. दार ढकललं. बर्फ आत घुसला! स्टोव्ह विझवला, वाटाड्याला हलवलं. तो रांगत बाहेर गेला, ओकला, आणि परत येऊन त्यानं दादाचे पाय धरले. दोघांनी मिळून त्याला उंबऱ्याबाहेर ओढलं. श्वास चालू होता, पण डोळे उघडेनात.

"खाली निरोप द्या ताई," वाटाड्या म्हणाला. "हे पायी उतरणार नाहीत."

मी बॅटरीच्या तारेला हात घातला. आई आठवली. मग तार उपटली. पंपाची घरघर थांबली.

पथक निघालंय, वायरलेस चालू ठेवा, असं खालून उत्तर आलं. वादळ निवळत होतं. दादाचं डोकं माझ्या मांडीवर होतं. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले.

"पंप?"

"बंद केला."

तेवढ्यात गालावरचा वारा फिरला. वाटाड्या खोकला, आणि मलाही तो वास आला, आईच्या उशीला यायचा तोच. पिवळट धूर खिंडीतून आमच्या अंगावरून गावाकडे उतरू लागला. आत यंत्र मुकाट पडलं होतं.

दादानं आपला मफलर माझ्या नाकावर ओढला.

"हळू श्वास घे, चिमणे," तो म्हणाला. आईलाही तो हेच सांगायचा.