आळीतली नवी खिडकी

आळीतली सगळी घरं एकसारखी होती. दगडी जोती, लाकडी सज्जे, उतरती कौलं आणि रस्त्याकडे एकच दार. लांबून लोक ती बघायला येत. धाकटी मात्र तिथे राहायला आली होती, शिवणकाम घेऊन.

"दिवसाढवळ्या सुई ओवता येत नाही इथे," थोरली म्हणाली. ती इमारतींची तपासणी करणारी इंजिनीअर होती.

"म्हणून तर तुला बोलावलं, तायडे."

तिला तायडे म्हणणारी जगात ही एकटीच.

थोरलीनं भिंत ठोकून पाहिली. भार वरच्या तुळईवर होता, भिंतीवर नाही. तिनं बाहेरून खडूनं फुली मारली, गवंड्यानं फुलीच्या वर खिडकी काढली. शेजारचे मास्तर दारात उभे राहून बघत होते.

"बाई, इथे कुणी वेगळं करत नाही."

"वेगळं कुठे? उजेडच तर घेतोय."

मास्तरांनी दार लावून घेतलं. मग पुढचं दार लागलं, त्यापुढचं, थेट आळीच्या टोकापर्यंत. वारा नव्हता.

सकाळी मास्तरांच्या घराला तशीच खिडकी होती. पलीकडच्या घरालाही. आळीभर. थोरलीनं चौकट चाचपली. लाकूड जुनाट होतं, बिजागऱ्या गंजलेल्या, रंगाचे पापुद्रे सुटलेले. गवंडी उरलेलं काम टाकून निघून गेला.

"बघ, फॅशन आणली मी," धाकटी हसली आणि तिनं खिडकीला पिवळा पडदा लावला.

दुपारी आळीभर पिवळे पडदे होते, उन्हानं विटलेले. प्रत्येक घरातून शिलाई मशीनचा आवाज येत होता. सगळी मशीनं एकदमच थांबत होती.

थोरलीनं कपाट उघडलं. "कपडे भर. आत्ता निघायचं."

"आणि मशीन?"

"खड्ड्यात गेलं मशीन. मी गाडी आणते."

गाडी आळीच्या तोंडाशी उभी करून ती धावत आत आली. खिडकीखालची फुली बघून घर ओळखता येईल, असा तिचा हिशोब होता.

फुली प्रत्येक खिडकीखाली होती. एक रेघ जरा लांब, तिच्याच हातची.

तिनं धाकटीला हाक मारली.

"आले, तायडे."

सगळ्या खिडक्यांतून. एकाच आवाजात.

एक दार उघडलं. गळ्यात टेप घातलेली धाकटीच होती ती. तिनं थोरलीला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"कोण पाहिजे, बाई?"

मागे मास्तरांचा पडदा हलला.

"गाडी सोडून दे, तायडे," ते हळूच म्हणाले.