तयार नसलेलं शहर

त्या दुपारी मी फक्त छत्री धरायला गेले होते. पिवळी छत्री उंच धरायची, म्हणजे प्रवाशांचा घोळका चुकत नाही. बोलायचं काम विस्वाल्डिसमामाचं. वास्तुकलेचं शिक्षण मी दुसऱ्याच वर्षी सोडलं होतं, त्यामुळे घरच्यांच्या मते माझी लायकी छत्रीपुरतीच उरली होती.

नोव्हेंबरातली रिगा म्हणजे दिवस उगवतो न उगवतो तोच मावळतो. नदीवरून धुकं चढत होतं. त्याला कुजक्या लाकडाचा आणि धुरी दिलेल्या माशांचा वास होता. शहराला आठशे वर्षं झाली म्हणून त्या वर्षी जिकडेतिकडे रंगरंगोटी झाली होती. लढाईत बेचिराख झालेलं चौकातलं व्यापाऱ्यांचं घरही नव्यानं जसंच्या तसं उभं राहिलं होतं. मामा त्याच्यापुढे असा उभा, जणू विटा यानंच वाहिल्या.

"आमच्याकडे म्हणतात," तो पाहुण्यांना सांगू लागला, "शंभर वर्षांतून एकदा दौगावा नदीतून कुणीतरी वर येतं आणि विचारतं, रिगा तयार झाली का? 'हो' म्हटलं, की शहर गेलं पाण्यात! म्हणून आमचा गवंडी शेवटची वीट बसवूनही 'झालं' म्हणत नाही. काय म्हणतो, डाग्निया?"

"अजून काम चाललंय," मी जांभई दाबत म्हटलं.

सगळे हसले. मागचा एक माणूस हसला नाही.

तो आमच्या घोळक्यातला नव्हता. लांब करडा कोट, आणि पाऊस नसताना कोटाच्या काठातून पाणी ठिबकत होतं. बोलला मात्र आमच्याच भाषेत.

"छान झालंय शहर. तयार झालं ना?"

"काम चाललंय, साहेब," मामा सवयीनं म्हणाला.

मोठ्या चर्चपाशी तो पुन्हा जवळ आला. "तुमच्यासारखा जाणकार पाहिला नाही. तुम्हीच सांगा, आता काय राहिलंय?"

मामा खुलला. आमच्या घरातली सगळी मोठी माणसं अशीच. गोड बोलणाऱ्यापुढे मान डोलवतात आणि त्यालाच शहाणपण म्हणतात.

"मामा, त्याचे बूट बघ..." मी कुजबुजले. बुटांतून पाणी येत होतं. थांबतच नव्हतं.

"तू गप्प बस. स्वतःचं एक काम धड पुरं करता आलं नाही, आणि मला शिकवतेस?"

नदीकाठी पोचलो. पाहुणे बसमध्ये चढले. काचेच्या पेटीतल्या, लोकांना नदी पार करवणाऱ्या संत ख्रिस्तोफरच्या लाकडी पुतळ्यापाशी आम्ही तिघंच उरलो. पलीकडचा काठ धुक्यात बुडाला होता.

"शेवटचं विचारतो," तो हळूच म्हणाला. "तयार...?"

मामानं छाती फुगवली. "अहो, राहिलंय काय आता? हो! रिगा तया..."

शब्द पुरा झाला नाही. मामाच्या तोंडातून पाणी आलं. शहरातल्या घंटा वाजू लागल्या, पण जड, बद्द... पाण्याच्या तळाशी कुणी वाजवाव्यात तशा. फरसबंदीच्या फटींतून गार पाणी वर येऊ लागलं.

"खोटं बोलतोय तो!" मी ओरडले. "मला विचार!"

तो वळला. "तू कोण?"

"काहीच पुरं न केलेली. कोपऱ्यावरचं घर माहीत आहे ना? गुप्त पोलिसांचं? माझ्या आजोबांना तिथे नेलं. येकाब्स नाव. तेव्हा हा मामा आठ वर्षांचा आणि माझी आई पोटात. ते परत आले नाहीत, आणि आमच्या घरात पुन्हा कुणी त्यांचं नाव काढलं नाही. हा माणूस चर्चच्या मनोऱ्यावरचा, वारा दाखवणारा कोंबडासुद्धा दाखवायचा सोडत नाही, पण त्या दारावरून बस पुढे काढतो! प्रत्येक घरात असा एकेक येकाब्स दडवलाय. रंग फासला म्हणजे तयार? नाही तयार! पुढच्या वेळी ये, तेव्हाही कुणीतरी 'नाही'च म्हणेल!"

पाणी घोट्यांशी आलं होतं. मी हलले नाही.

"किती राहिलंय?" त्यानं विचारलं.

"पुष्कळ... जा तू."

तो काठाच्या पायऱ्या उतरत गेला. उतरतच गेला. त्याच्यामागे पाणीही निघालं.

मामा खोकत बाकावर बसला. "त्यांचं नाव घ्यायला नको होतंस, पोरी."

"घेतलं. आता तू घे."

आता आमची फेरी त्या दारापाशी संपते. मामा म्हणतो, "येकाब्स, माझे वडील," आणि खोकतो. तोंडातून गार पाणी येतं, नदीच्या वासाचं. डॉक्टर म्हणतात, फुफ्फुसं कोरडी ठणठणीत आहेत. मामा तोंड पुसतो आणि पुढचं नाव घेतो. रस्त्यावरची माणसं थांबून आपापल्या घरातली नावं त्याच्या कानात सांगतात. तो तीही घेतो. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात बादली, अशी मी शेजारी उभी असते. "पुरे आता," असं त्याला म्हणायला कुणी पुढे आलंच, तर आधी माझ्याशी गाठ आहे.

काल बादली ओतताना तळाशी खण्णकन वाजलं. कोटाचं एक बटण होतं, हाडाचं, जुन्या घाटाचं, आजोबांच्या एकुलत्या फोटोतल्या कोटावर आहेत तसं. त्याला दोऱ्याचा तुकडा होता. मी हातात घेतला.

दोरा कोरडा होता. आणि ऊबदार.