अंदाजाबाहेरची खुर्ची

हँगरमध्ये विमानाचं चाक उतरवणारी मुलगी, कोपरापर्यंत ग्रीस.

हवामानाचे नकाशे वाचणारी कारकून.

आजारी मुलाच्या उशाशी गेलेली चार वर्षं.

किनाऱ्यालगतच्या धावपट्टीवर फटाके फोडून घारी हाकलणारी बाई.

चाळिशीत वैमानिकाचा परवाना.

हे सगळं मिळून एकच बाई: करुणा खोब्रागडे. आज ती चाचणीच्या नकली कॉकपिटमध्ये बसली होती. विमानं आता स्वतःच उडत. कायद्यामुळे आत एक वैमानिक लागे, इतकंच. त्या खुर्चीची ही तिची शेवटची संधी. पुढच्या वर्षी वयाची अट आड येणार होती.

निवड 'अंदाजक' करायचा. हजारो उड्डाणांवरून शिकलेलं हे यंत्र, उमेदवार पुढच्या क्षणी काय करील ते आधीच नोंदवून ठेवी.

"बाई, ही नोकरी आहे की सहल?" तिचा अर्ज पाहून परीक्षक देवस्थळींनी विचारलं होतं.

"सहलीला डबा तरी मिळतो, सर."

पडद्यावर धावपट्टी आली. वारा, वेग, उंची, सगळं ठीक. यंत्राने उतरायला सांगितलं, आणि ती उतरेल अशी नोंदही करून ठेवली. करुणाने विमान पुन्हा वर घेतलं.

देवस्थळींनी कारण विचारलं. किनाऱ्यावर मासळी वाळत घातलेली दिसली, तिथून घारी उठतात, असं तिने सांगितलं.

"या चाचणीत पक्षी घातलेलेच नाहीत."

करुणा पट्टा सोडू लागली.

"बसा. बाकीचे उमेदवार उत्तम आहेत, पण त्यांना सुचतं ते यंत्राला आधीच सुचलेलं असतं. मग त्यांना बसवायचं कशाला? त्याला चकवणाऱ्या तुम्ही पहिल्या, आणि तेही कारण देऊन."

नेमणुकीच्या कागदावर सही करताना तिने विचारलं, अंदाजक आता तिच्याकडूनही शिकणार का. प्रत्येक उड्डाणातून, असं देवस्थळी म्हणाले. काही वर्षांत तिचाही अंदाज त्याला बांधता येईल.

"मग मी दुसरं काहीतरी शिकायला जाईन," करुणा म्हणाली.

देवस्थळी हसले नाहीत. ते आयुष्यभर एका खुर्चीतून उठून शेजारच्याच खुर्चीत बसत आले होते. माणूस किती वेळा नव्याने सुरुवात करू शकतो, हे अंदाजकाला कधी कळेल का?

वैमानिक प्रशिक्षणाच्या पहिल्या मुलाखतीत, अठराव्या वर्षी, करुणाला नापास केलं होतं. एका ध्येयाला चिकटून राहण्याची क्षमता दिसत नाही, असं कारण मिळालं होतं.