उजव्या डोळ्यातला मोती

धम्मदीपा मेडशीला एसटीतून उतरली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. डोळ्यांच्या शिबिराच्या यादीतला एकच म्हातारा तपासणीला आला नव्हता, इस्माईलचाचा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नेत्र सहायक म्हणून असे शेकडो डोळे तिनं पाहिले होते. तपासायचं, फॉर्म भरायचा आणि पाचच्या गाडीनं परतायचं.

चाचांनी उभा जन्म अंगठ्यांत खडे बसवण्यात घालवला होता. आता ते मधल्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसून असत. बाहेर ऊन रणरणत होतं, पण त्या खोलीत पाऊल टाकताच धम्मदीपाच्या अंगाला विहिरीच्या तळाशी असतो तसा गारवा लागला. कुठूनतरी अत्तराचा जुना, मंद वास येत होता.

"चाचा, शिबिराले काहून नाही आले?"

"बस बेटी. आदी एक गोष्ट आयक."

त्यांच्या आजोबांजवळ हातानं लिहिलेली एक किताब होती, किमयेची. पारा आगीत ठेवला तर सोनं होतं आणि पाणी कोठडीत कोंडलं तर मोती होतो, असं तीत लिहिलेलं. आजोबांनी सारी उमर पारा जाळला. हाती काजळी आली.

"त्याईले ते वाचताच नाही आलं," चाचा म्हणाले. "पानी म्हंजे डोयातलं पानी. अन् कोठडी म्हंजे हे..." त्यांनी उजव्या पापणीवर बोट टेकवलं. "मोतीबिंदू म्हनता ना तुमी? नावातच सांगून ठेवलं हाये कोनंतरी."

धम्मदीपाला हसू आलं. चाचा मात्र हसले नाहीत.

"तुही चाची, मेहरुन्निसा गेली, त्याले अकरा सालं झाले. त्या दिवशी मी रडलो नाही. डाव्या डोयातून थोडंसं गयलं, तेवढंच. उजव्यातलं सारं अडवलं. किताबीत लिवलं होतं, ज्याच्यासाठी पानी अडवलं, तो मोत्यात राह्यते... लाव तुही बॅटरी. पाह्य आत."

तिनं बॅटरी लावली.

आधी नेहमीचाच पांढुरका पडदा दिसला. मग तो पांढरेपणा हळूहळू फिरला. अस्सल मोत्याला असतं तसं त्याला पाणी चढलं, आणि त्या पाण्याच्या तळाशी एक खोली दिसली. तांदळाच्या दाण्याएवढी एक बाई तिथं पाठमोरी बसून केस विंचरत होती.

धम्मदीपाला अजून भीती वाटली नव्हती. एवढ्याशा डोळ्यासमोर आपणच फार लहान आहोत, असं तिला वाटलं. मग त्या बाईचा फणीचा हात थांबला. तिनं सावकाश मान वळवली... आणि बॅटरीचा उजेड सहन न होऊन डोळ्यांवर आडवा हात धरला.

धम्मदीपानं झटकन बॅटरी विझवली.

"दिसली?"

"चाचा... त्या..."

"मोती काढला तं ती कुठी जाईन, बेटी? अन् नाही काढला तं नातीचं तोंड नाही दिसनार. आठ मयन्याची झाली दुआ. मी नुसता तिचा चेहरा चाचपून राह्यलो."

धम्मदीपानं फॉर्म मांडीवर घेतला. मग तिनं हळूच विचारलं, "डाव्या डोयात कोनी हाये?"

"नाही. तो रिकामा हाये."

तिनं लिहिलं: आधी डावा डोळा. उजवा सध्या नको.

ऑपरेशन नीट झालं. पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली तेव्हा चाचांचा चेहरा ओलाचिंब होता. दोन्ही डोळ्यांतून धार लागली होती.

"दिसली वो बेटी, दुआ दिसली! पट्टी काढल्यापासून हे पानी थांबतच नाही."

काळजीनं तिनं उजव्या डोळ्यात बॅटरी धरली. कोरडा, करडा, कुठलंही पाणी नसलेला पडदा. खोली नव्हती. कुणीच नव्हतं.

"चाचा... इथं आता कोनी नाही."

खोलीतला गारवा मात्र तसाच होता.

खाली गोधडीवर दुआ एकटीच पडली होती. तिची आई चुलीपाशी. एकाएकी दुआ खिदळली, वर पाहत दोन्ही हात उंचावले. दोघं बघत असतानाच तिचा डावा गाल दोन बाजूंनी दबला, कुणीतरी चिमटीत धरावा तसा. क्षणभर तिथली कातडी पांढरी पडली. मग चिमटी सुटली, आणि गालावर दोन बोटांचे गुलाबी ठसे हळूहळू उमटले.